मोटारीचं कपाळ

वाळू मूळचा डोळखांबकडचा. बापाची दोन बैलांची गाडी होती. जंगलातलं लाकूड आटगाव स्टेशनात वॅगनीपर्यंत नेऊन टाकायचं, हा घरचा धंदा. वाळूनं तो दहा वर्षं केला. मग कसाऱ्याला घाटरस्त्याचं काम निघालं, तिथे खडी वाहणारी लॉरी आली, आणि वाळू बैल भावाच्या हवाली करून त्या लॉरीवर क्लीनर म्हणून लागला. भावकीतली माणसं म्हणाली, याला खूळ लागलं. लागलं ते लागलंच. लॉरीखाली निजून, वंगण अंगावर घेत, दुसऱ्याच्या शिव्या खात त्यानं ती विद्या उचलली. अक्षर त्याला ओळखता येत नव्हतं, पण चालत्या इंजिनाला कान लावून त्याच्या पोटात काय दुखतंय ते तो सांगायचा.

अडतीस साली मुरबाडच्या एका भातगिरणीवाल्यानं मुरबाड-कल्याण भाड्यानं चालवायला जुनी मोटार विकत घेतली आणि वाळूला तिच्यावर डायव्हर नेमलं. गुढीपाडव्याला मोटार आली. वाळूनं बायकोला, गिरजेला, आणि साडेचार वर्षांच्या बारकीला गिरणीमागच्या खोलीत आणलं.

त्या मोटारीची पेट्रोलची टाकी पुढे होती, इंजिनाच्या मागे आणि समोरच्या काचेच्या खाली. तिथून पेट्रोल आपल्या वजनानं नळीतून खाली इंजिनाकडे उतरायचं. टाकीचं झाकण वर, काचेसमोर मधोमध. रुपयाएवढं गोल, पितळेचं. पेट्रोल दाखवणारा काटा कधीच मेला होता, म्हणून वाळू झाकण काढून बांबूची काडी आत बुडवायचा आणि ती किती ओली झाली ते बघायचा.

दसरा आला. डोळखांबकडे गाडीवाल्यांच्या घरी एक रीत आहे. गाडी जंगलातून जायची, तेव्हा वाघदेवाच्या दगडाचा शेंदूर दसऱ्याला घरी आणायचा, तेलात कालवायचा आणि घरच्या बाईनं गाडीच्या जुवावर मधोमध लावायचा. मग वर्षभर वाटेत जनावर आडवं येत नाही. गिरजेनं माहेरून तो शेंदूर मागवून ठेवला होता. संध्याकाळी झेंडूची माळ घालून झाली, नारळ फुटला, आणि ती हातात वाटी घेऊन मोटारीभोवती फिरू लागली. हिला जू नाही, शिंगं नाहीत. शेंदूर लावायचा कुठे?

"हिचं कपाळ कुठं हाय?" तिनं विचारलं.

वाळू त्या दिवशी खुशीत होता. त्यानं हसत बोट दाखवलं. काचेखाली, मधोमध, ते पितळी झाकण. गिरजेलाही ते पटलं. ती पुढे झाली, पण कडेवरची बारकी हट्टाला पेटली, मी लावणार म्हणून. दोन दिवस तिचं अंग कोमट होतं, घसा दुखतो म्हणत होती, म्हणून तिच्या मनासारखं करायचं ठरलं. तिनं वाटीत अंगठा बुडवला आणि झाकणावर दाबला. मन भरलं नाही म्हणून परत बुडवला, परत दाबला. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी मोटार उभीच होती. तिसऱ्या दिवशी पहाटे बारकीचा श्वास आवाज करू लागला.

मुरबाडच्या डॉक्टरनं तिला उजेडात धरलं, चमच्यानं जीभ खाली दाबली आणि आत पाहिलं. घशाच्या मागे राखाडी साय धरली होती. त्यानं वाळूला बाजूला नेऊन सांगितलं: घटसर्प आहे. साय खाली उतरतेय. इंजेक्शन कल्याणला मिळेल, आणि वेळ आलीच तर गळ्याला छेद देऊन नळी घालणारा डॉक्टरही तिथेच आहे. दुपारच्या आत तिला तिथं पोचव. वाळूनं विचारलं, दुपार झाली तर? डॉक्टर चमचा धुवायला वळला.

मालकानं मोटार न्यायला सांगितलं. विचारतोस काय, म्हणाला. दसऱ्याला त्यानं टाकी तोंडापर्यंत भरून घेतली होती. आठ वाजता मोटार निघाली. मागच्या बाकावर गिरजा, तिच्या मांडीवर बारकी, मान मागे टाकलेली. अठरा मैल. एरवी सव्वा तासाचं काम.

गाव सुटल्यावर चौथ्या मैलाजवळ गवताच्या पेंढ्यांनी लादलेली एक बैलगाडी लागली. गाडीवर कमळू. वाळूच्या लाकूडगाडीच्या दिवसांतला सोबती, आता मुरबाडचं गवत कल्याणला नेणारा. वाळूनं भोंगा वाजवून धूळ उडवली आणि पुढे गेला. मैलभर गेला नसेल, इंजिन दोनदा ठसकलं, एक हिसका बसला आणि सगळं शांत झालं.

मोटार थांबली तसा मागचा आवाज मोठा झाला. बारकी श्वास आत ओढत होती. सुईच्या नेढ्यातून वारा ओढावा तसा. दर ओढीला तिच्या गळ्याखालचा खळगा आत जात होता.

वाळूनं हँडल घातलं आणि मारलं. इंजिन फिरलं. चांगलं मोकळं फिरलं, पण पेट घेतला नाही. परत मारलं. नुसतंच फिरलं. त्यानं बॉनेट उघडलं. एक वायर जरा सैल वाटली, ती दाबून बसवली. एक प्लग काढून लोखंडाला टेकवून पाहिला, ठिणगी निळी पडत होती. मग सवयीप्रमाणे झाकण काढून काडी बुडवली. गिरजा मागून विचारत होती, काय झाला, काय झाला. त्या बोलण्यात त्याला दुसरं काही ऐकू आलं नाही. काडी वरपर्यंत ओली. झाकण लावलं, हँडल मारलं. तिसऱ्या फेरीला इंजिन लागलं.

वायरच होती ती, तो स्वतःशी म्हणाला.

तोवर मागून कमळूची गाडी आली होती. "काय रे वाळू, तुजा बैल बसला काय? चारा घाल त्याला," कमळू वरूनच म्हणाला. मागे कोण बसलंय ते त्याला पेंढ्यांच्या उंचीवरून दिसलं नव्हतं. वाळू चढून बसला. मोटार सुटली.

पुन्हा मैल, सव्वा मैल. पुन्हा तोच ठसका, तोच हिसका, तीच शांतता.

या खेपेला वाळूनं आधी वायरी चाचपल्या. वायरी घट्ट होत्या. ठिणगी होती. टाकी भरलेली आहे हे आत्ताच पाहिलं होतं, तिथे वेळ घालवायचं कारण नव्हतं. मग राहिली नळी. त्यानं खालच्या टोकाला नट सोडून नळी मोकळी केली. भरल्या टाकीतून धार लागायला हवी होती. चार थेंब आले आणि थांबले. कचरा. नळीत कचरा अडकलाय. त्यानं नळीला तोंड लावलं आणि छाती फुटेस्तोवर वर फुंकलं. टाकीत बुडबुड आवाज झाला. तोंडात पेट्रोल आलं, ते थुंकलं, आणि पाठोपाठ बोटाएवढी धार लागली. सापडलं, असं त्याला वाटलं. नट आवळला, हँडल मारलं, इंजिन लागलं.

पण तेवढ्यात अर्धा तास गेला होता. कमळू गाडी हाकत बाजूनं पुढे निघून गेला होता. जाताना या वेळी त्यानं आत पाहिलं होतं.

वाळूनं त्याला गाठलं, मागे टाकलं. गिरजा आता काही विचारत नव्हती. ती फक्त बारकीच्या छातीवर हात ठेवून होती आणि तिच्या तोंडाकडे बघत होती. बारकीचे ओठ जांभळट दिसत होते. वाळू रस्त्याकडे बघत होता, पण कान इंजिनात आणि मागच्या बाकावर, दोन्हीकडे. दोन्ही आवाज चालू असेपर्यंत सगळं ठीक. तो मनात मैलाचे दगड मोजत होता. सहावा गेला. सातवा आला.

सातव्याला इंजिन ठसकलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात उभं होतं. ऊन चढलं होतं. वाळू खाली उतरला. नळी तर साफ केली होती. मग तो कचरा नळीतून खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरला असणार. तेच असणार. त्यानं टाकीखालचा कॉक बंद केला, कार्ब्युरेटर सोडवून फडक्यावर घेतला, एकेक भोक तोंडानं ओढून, फुंकून साफ केलं. कचरा म्हणावा असा काही निघाला नाही. परत बसवला. कॉक उघडला. हँडल मारलं.

इंजिन फिरलं. पेटलं नाही.

मारलं. मारलं. दहा वेळा, वीस वेळा. एकदा हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. तळहाताची साल निघाली होती, हँडल रक्तानं निसटत होतं. इंजिन आत फिरत होतं, आज्ञेत असल्यासारखं. प्रत्येक फेरीला तो वाट बघायचा, आणि प्रत्येक फेरी रिकामी यायची.

कमळूची गाडी येऊन शेजारी थांबली. कमळूनं उतरून कासरा जुवाला बांधला, मग गाडीवर चढला आणि गवताच्या पेंढ्या एकेक करून रस्त्यात फेकू लागला. गवत त्याच्या मालकाचं, कल्याणच्या वखारीत सांजेला पोचतं व्हायचं. जागा झाल्यावर त्यानं तळाशी दोन पेंढ्या मोकळ्या करून पसरल्या, मग खाली उतरला.

"बैल बंद पडत नाय," तो हळू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

वाळू म्हणाला, अजून अकरा मैल आहेत. तुझ्या बैलांना चार तास लागतील.

"नदीपरेंत नेतो. तिथं कुनाचा टांगा मिळंल, नाय मिळंल. पन इथं काय मिळतंय?"

गिरजा उतरलीच होती. बारकीला छातीशी घेऊन ती गाडीकडे निघाली. वाळू आडवा आला. कमळूच्या गाडीनं सांज होईल गो, तो म्हणाला. डॉक्टर दुपार म्हनला.

"आनी हितं बसून?" गिरजेनं विचारलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे. "मी जाते. तुमी तुमची मोटार बघा."

ती गाडीत बसली. कमळूनं बैलांना नुसती हाक दिली, आणि गाडी हलली. चाकांचा करकर आवाज लांबत गेला. बारकीचा आवाज त्याच्याही आधी ऐकू येईनासा झाला.

वाळू रस्त्यात विखुरलेल्या गवतामध्ये उभा राहिला. त्याला धावत जाऊन गाडीत बसावंसं वाटलं. पण तो बसला असता तर दुपार नक्की चुकली असती. मोटारीपाशी थांबला तर ती कदाचित चुकणार होती. त्या 'कदाचित'ला धरून तो थांबला.

त्यानं घाई सोडली. बाप त्याला सांगायचा, जंगलात बैल हरवला तर पुढे पुढे पळू नये. जिथं शेवटचा खूर दिसला तिथं जाऊन उभं राहावं, आणि तिथून एकेक पाऊल परत चालावं. शेवटचा खूर कुठला? इंजिन लागलं होतं ती जागा. दोनदा लागलं होतं. दुसऱ्यांदा नळी फुंकली होती. पहिल्यांदा नळीला हातही लावला नव्हता, तरी लागलं होतं. मग पहिल्यांदा काय केलं होतं? ते सगळं, त्याच क्रमानं, परत करायचं. काही गाळायचं नाही, शहाणपण करायचं नाही.

वायर दाबली. प्लग काढला, ठिणगी पाहिली, परत लावला. मग झाकण.

झाकण फिरवलं, आणि ते सैल होता होता टाकीनं श्वास घेतला.

सूं करून. बारीक, लांब, आत ओढलेला. वाळूचा हात तिथेच थिजला. तो आवाज त्यानं सकाळपासून मागच्या बाकावर ऐकला होता. नेढ्यातून वारा ओढल्याचा.

त्यानं झाकण उलटं करून पाहिलं, मग सुलटं. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक असायचं. टाकीतलं पेट्रोल जसं खाली उतरेल तशी वरून त्या भोकातून हवा आत जायची. हवा गेली नाही तर पेट्रोल उतरत नाही. रॉकेलच्या डब्याला तो स्वतः नेहमी दोन भोकं पाडायचा, एक धारेला, एक वाऱ्याला. हे त्याला ठाऊक होतं. ते कपाळावर लिहिलेलं होतं आणि त्यानं वाचलं नव्हतं.

भोकावर शेंदूर वाळून घट्ट बसला होता. जाड थर. त्याच्यावर अंगठ्याचा ठसा होता, लहान, वाटाण्याएवढा, रेषा न् रेषा उमटलेली. बोट दाखवलं होतं त्यानंच.

तो किती वेळ बघत राहिला, त्याला सांगता आलं नसतं. क्षणभरच असेल. बांधावर करवंदीचं जाळं होतं. त्यानं एक काटा मोडला, ठशाच्या मधोमध टेकवला आणि दाबला. शेंदराचा टवका उडाला. उरलेला त्यानं नखानं खरवडला. झाकण उजेडाकडे धरलं. भोकातून आभाळाचा एक ठिपका दिसला.

पहिल्याच फेरीला इंजिन लागलं.

कमळूची गाडी मैलभर पुढे सापडली. वाळू उतरून धावला. गिरजेनं विचारलं नाही, काय झालं होतं. ती बारकीला घेऊन चढली आणि एवढंच म्हणाली, "आता थांबू नका."

"कचरा होता," वाळू म्हणाला. कोणी न विचारता.

मोटार थांबली नाही. गोवेली गेलं, रायत्याचा पूल आला. पुलावर, उल्हास नदीच्या मधोमध, बारकीचा आवाज थांबला आणि गिरजेनं तिला हलवलं, तो परत आला, आधीपेक्षा बारीक. त्यानंतरचे मैल वाळूनं मोजले नाहीत.

कल्याणच्या डॉक्टरनं तिला पाहिलं आणि टेबलावर घ्यायला सांगितलं. गिरजेला बाहेर बसवलं, वाळूलाही. दार पूर्ण लागलं नव्हतं. आत भांड्यांचा आवाज, मग काहीच नाही, बराच वेळ काही नाही. गिरजा भिंतीला डोकं टेकून बसली होती. वाळूचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. नखात शेंदूर होता. त्यानं तो खाकी विजारीच्या मांडीवर पुसला, पुसतच राहिला.

मग दाराच्या फटीतून तो आवाज आला. सूं. या वेळी मोकळा, रुंद, परत परत येणारा. डॉक्टर बाहेर आला आणि सोपं करून सांगितलं, घशाच्या खाली एक भोक पाडलंय, चांदीची नळी घातलीय, तिथून वारा जातोय. वाळूनं मान हलवली. त्याला एवढं सोपं करून सांगायची गरज नव्हती.

अकरा दिवस ती तिघं कल्याणला राहिली. इंजेक्शनं झाली, साय सुटली, नळी निघाली. बारकीचा आवाज कायमचा घोगरा झाला आणि गळ्याखाली एक आडवा व्रण राहिला.

पहिले दोन-तीन दिवस गिरजा दवाखान्यातल्या शेजारणींना सांगायची: मोटार तीन वेळा बंद पडली, पण वाघदेवाचा शेंदूर होता म्हणून पोचलो. दसऱ्याला पोरीनं आपल्या हातानं लावला होता, म्हणून देवानं तिलाच राखली. वाळू ऐकायचा आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा. चौथ्या दिवशी तिनं नळावर त्याची विजार धुवायला घेतली. मांडीवर शेंदूर पुसलेला होता. त्यानंतर शेजारणींनी विचारलं तरी ती गोष्ट तिनं परत सांगितली नाही. वाळूच्या ते लक्षात आलं.  विजारीवर मांडीपाशी तांबूस डाग राहिला तो राहिलाच.

मुरबाडला परत आल्यावर वाळूला एक सवय लागली. रोज सकाळी पहिल्या फेरीआधी तो झाकण काढायचा, टोपीत खोचलेल्या करवंदीच्या काट्यानं भोक टोकरायचा आणि एक डोळा मिटून त्यातून वर बघायचा. नाक्यावरचे लोक म्हणायचे, वाळू सूर्य उगवला का ते तपासतोय. कमळूला त्यानं त्याच्या मालकाच्या गवताबद्दल विचारलं, तेव्हा कमळू म्हणाला, काय नाय, चार शिव्या दिल्या, पचल्या. त्या दिवसापासून कमळूनं बैलाचा विषय त्याच्यापाशी काढला नाही.

पुढच्या साली दसऱ्याला लढाई सुरू झाल्याची बातमी आली होती, पण पेट्रोल अजून मिळत होतं. संध्याकाळी माळ घातली, नारळ फुटला. गिरजेनं वाटीत शेंदूर कालवला. या वर्षी माहेरून शेंदूर मागवायला तिला वाळूनं सांगितलं नव्हतं आणि अडवलंही नव्हतं. बारकी आता पायानं चालत पुढे झाली. वाटीत अंगठा बुडवला, बॉनेटवर कोपर टेकून वर चढली. मोटारीचं कपाळ कुठं असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचा अंगठा झाकणाकडे गेला, आणि दोन हात एकदम पुढे आले. एक वाळूचा, एक गिरजेचा. दोन्ही झाकणावर पडले, एकावर एक. खाली गिरजेचा होता, आधी पोचलेला, मनगट मोकळं.

कुणीच हात काढला नाही. वाळूनं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, झाकणाकडेही नाही. ती बारकीच्या गळ्याकडे बघत होती.

"मग कुठं लावू?" बारकीनं आपल्या घोगऱ्या आवाजात विचारलं. शेंदूर तिच्या अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळू लागला होता.

"माझ्या हातावर लाव," गिरजा म्हणाली.